ओळ न ओलांडणारं टिंब

आमच्या साडूंइतका शोधाशोधीचा सोस असलेला माणूस जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात याआधी झाला नाही, आणि पुढे होईल अशी चिन्हं नाहीत. हरवलेली वस्तू म्हणून जगात काही नसतंच, तिच्या खुणा कुणाला नीट सांगता आलेल्या नसतात एवढंच, असं त्यांचं म्हणणं. नात्यानं ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. साडू हे नातं मोठं चमत्कारिक. दोघांपैकी कुणीच दुसऱ्याला पसंत केलेलं नसतं, सासऱ्यानं दोघांना वेगवेगळ्या वेळी पसंत केलेलं असतं, आणि मग सासुरवाडीच्या प्रत्येक पंगतीत जन्मभर मांडीला मांडी लावून बसावं लागतं. मी मोखाड्याकडचा शाळामास्तर, ते जव्हारच्या एका कचेरीत कारकून. बत्तीस वर्षं त्यांनी फायली शोधल्या. पंगतीत मी मीठ मागितलं तरी ते आधी विचारणार, "मघाशी कोणत्या वाटीत होतं? स्टीलच्या की पितळेच्या?" तोवर माझा भात संपलेला असायचा.

त्यांच्या निवृत्तीला चार वर्षं उरली असताना कचेरीत संगणक आले. बरोबरीच्या कारकुनांनी त्यांच्यावर धुतलेले टॉवेल पांघरले आणि लांबून नमस्कार केला. आमच्या साडूंनी मात्र चष्म्याचा नंबर बदलून घेतला, मोबाइलवरचे हिंदी व्हिडिओ शब्दन् शब्द वहीत उतरवले, आणि चोपन्नाव्या वर्षी प्रोग्रामिंग शिकून घेतलं. त्यातही त्यांचा जीव जडला तो रेग्युलर एक्सप्रेशनवर, म्हणजे संगणकातल्या मजकुरात हवं ते शोधायच्या खुणांच्या सूत्रावर. चारचौघांत ते हा शब्द पुरता उच्चारतात, घरच्या माणसांत त्याला 'साचा' म्हणतात. माझ्या ओट्यावर खडूनं लिहून त्यांनी मला तो समजावला होता. "मास्तर, तुम्ही शब्द शोधता. मी शब्दाचा घाट शोधतो. हे टिंब बघा. टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर. त्याच्यापुढे ही चांदणी. चांदणी म्हणजे तसली अक्षरं कितीही. आता या बाजूला सुरुवात लिहा, त्या बाजूला शेवट लिहा, मध्ये टिंब आणि चांदणी ठेवा. मधे काय वाट्टेल ते असू द्या, पकडलंच म्हणून समजा."

"काय वाट्टेल ते?" मी विचारलं.

"काय वाट्टेल ते," ते म्हणाले आणि तांब्याभर पाणी घटाघटा प्याले. आमच्या ओळखीला तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती, पण मी त्यांना इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं.

या साच्यांची त्यांनी एक जाड वही केली. टिंबं, चांदण्या, कंस, तिरप्या रेघा. शेजारच्या एका गृहस्थांनी ती वही एकदा खिडकीतून पाहिली आणि साडूंनी गुपचूप ज्योतिष आरंभलं असा निष्कर्ष काढून मुलीची पत्रिका घेऊन आले. साडूंनी पत्रिका पंधरा मिनिटं निरखली आणि सांगितलं, "हिच्यात जन्मवेळ तीन जागी लिहिलीय, आणि तिन्ही वेगळ्या आहेत." गृहस्थ वरमून परत गेले. पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न ठरलं आणि त्याचं श्रेय आजही साडूंना दिलं जातं. तेही ते नाकारत नाहीत. मोखाड्याच्या एका लग्नात तर त्यांनी मांडवाबाहेरच्या ढिगातून आपल्या चपला साच्यानं शोधल्या. काळा पट्टा, मग काहीही, मग उजव्या अंगानं झिजलेली टाच. पहिली जुळलेली जोडी पायात घालून ते थेट जव्हारला गेले. जोडी दोन नंबर लहान होती. आठवडाभर लंगडत होते, पण हार मानायला तयार नाहीत. मला म्हणाले, "साचा बरोबर जुळला होता, मास्तर. पाय जुळला नाही." पाहुण्यांना शिरपामाळ दाखवायला नेलं की हे तिथल्या माहितीच्या पाटीची पहिली ओळ वाचणार, शेवटची ओळ वाचणार आणि "चला, झालं" म्हणून उतरायला लागणार. पाहुणे बिचारे दरी बघायची राहिली म्हणून मागे वळून वळून बघत असतात.

हे सगळं हसण्यावारी नेता येत असे. पण माणसांशीही ते तसंच वागत, आणि तिथे मला त्यांचा खरंच राग येई. सांगणाऱ्याची सुरुवात ऐकली आणि शेवट कळला की मधलं त्यांना नको असायचं. जामसरला आमच्या एका मावससासऱ्यांच्या समाचाराला आम्ही दोघं आपापल्या बायकांसह गेलो होतो. ओसरीवर घरचे सगळे बसलेले, आतून बायकांच्या रडण्याचा आवाज. साडूंनी विचारलं, "आजारी कधी पडले?" थोरला मुलगा म्हणाला, "आषाढात." "गेले कधी?" "दसऱ्याच्या आदल्या दिवशी." साडूंनी मान हलवली आणि धोतर झटकून उठायला लागले. त्यांच्या लेखी चौकशी पुरी झाली होती. त्यांच्या पत्नी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीबाई, फार न बोलणाऱ्या, पण तेव्हा त्यांना राहवलं नाही. "अहो, बसा," त्या हळूच म्हणाल्या, "मधे माणूस होता." ते बसले, पण मुलगा तीन महिन्यांच्या दुखण्याचं सांगत होता तेव्हा त्यांची नजर ओसरीच्या आढ्यावर होती.

तरीही या माणसाबद्दल वाईट बोलायला माझी जीभ वळत नाही, कारण निवृत्तीनंतर त्यांनी जे केलं ते आमच्यापैकी कुणाच्या हातून झालं नसतं. दोन-तीन जुन्या सोबत्यांना घेऊन त्यांनी जव्हारच्या बाजाराजवळ एक खोली घेतली. पाटीबिटी काही नाही. दारात एक माठ, आत एक संगणक. पाड्यांवरची माणसं जुने कागद घेऊन येत, कागद नसलेली नुसतीच येत, आणि साडू त्यांची नोंद शोधून देत. दाखला, दाव्याची पावती, शाळेतलं नाव, काहीही. आलेल्याला आधी पाणी, मग खुर्ची, मग नाव विचारायचं, हा त्यांचा क्रम कधी मोडला नाही. कुणाचा माणूस, कुठल्या पक्षाचा, हे त्यांनी आयुष्यात विचारलं नसेल.

दाभोशाकडच्या काही पाड्यांची वनहक्क समितीची रजिस्टरं या खोलीत आली ती अशीच. जंगलातली कोणती जमीन कोण कसतो, त्याच्या त्या नोंदी. अशा जमिनीला इथे पलाट म्हणतात. रजिस्टरं ओलीनं कुजायला आली होती, म्हणून ती टाइप करून ठेवायचं काम मी अंगावर घेतलं. मास्तरकीत आयुष्य गेल्यामुळे माझा एक हट्ट होता, जसं आहे तसं उतरवायचं. रजिस्टर लिहिणारे समितीचे म्हातारे सचिव तेव्हा हयात नव्हते. त्यांची पद्धत साधी होती. आधी 'दावेदार' हा शब्द, पुढे नाव, त्याच्यापुढे 'पलाट' आणि आकडा, सगळं एका ओळीत. पण दर काही वर्षांनी वही नव्यानं उतरवताना एखादा दावेदार वारलेला असला, तर ते त्याचं नाव गाळत नसत. ज्यानं पहिल्यांदा ती जमीन कसली त्याचं नाव मेला म्हणून पुसायचं नाही, असा त्यांचा नेम होता. पहिल्या ओळीवर 'दावेदार', त्याचं नाव आणि 'मयत' एवढंच लिहायचं, खालच्या ओळीवर त्याच्या बायकोचं नाव, आणि पलाटाचा आकडा तिच्याही खाली. मीही ते तसंच टाइप केलं, तीन ओळींच्या तीन ओळी.

पुढे पौषात मोजणी व्हायची ठरली. यादीत नाव असेल त्याचाच पलाट मोजला जाणार होता, आणि मोजलेल्याचाच पुढे कागद होणार होता. समितीनं यादी आमच्या खोलीकडे मागितली. साडूंनी साचा लिहिला. सुरुवातीला दावेदार, शेवटी पलाट, मध्ये टिंब आणि चांदणी. चहा निवायच्या आत शेकडो नावं एकाखाली एक येऊन उभी राहिली. त्यांनी ती छापली, वर सही ठोकली, आणि मूळ फाइल मिटून टाकली. तेव्हापासून येईल त्याचं नाव ते त्या यादीत शोधत.

नागलीची कापणी उरकली तसं बुधीबाई आली. मी त्या दिवशी खोलीतच होतो. सत्तरीची, वाळलेली, कपाळावर आणि हातांवर हिरवं गोंदण, डाव्या कानाची पाळी फाटलेली. दाभोशाच्या पलीकडच्या पाड्यावरून आली होती. साडूंनी पाणी दिलं, खुर्ची दिली, नाव विचारलं, आणि पडद्याकडे बघत म्हणाले, "नाही."

"नाय कसा?" ती म्हणाली. "माझा नाव तठं हाये. सेक्रेटरीनी लिवला, माना वाचून दाखवला."

"कधी लिहिलं?"

"माझा दादला गेला ना, त्याच्या दुसऱ्या सालाला. तवा कसा झाला..."

"आजी, ते मधलं राहू द्या. यादीत तुमचं नाव नाही."

ती "बरा" म्हणाली, लुगड्याचा पदर सारखा केला आणि निघून गेली.

मला ते नाव ओळखीचं वाटत होतं. तसं मी म्हटलं, तर साडू म्हणाले, "तुमचं पान सुटलं असेल टाइप करताना." माझा पारा चढला. चाळीस वर्षं मी मुलांच्या वह्या तपासल्या, माझं पान सुटत नाही, असं मी त्यांना सुनावलं. "मग यंत्र खोटं बोलतं का?" ते म्हणाले. शब्दाला शब्द लागला आणि आमचं बोलणं बंद झालं. महिनाभर दोन बहिणी एकमेकींना फोन करून आमचे निरोप पोचवत होत्या. त्यातही साडू पहिला आणि शेवटचा शब्दच सांगत असावेत, कारण बायको मला सांगायची, "भाऊजी म्हणाले मास्तर, आणि मग म्हणाले बघू."

मोजणीला आठ दिवस असताना मला घरी माझ्या टाइप केलेल्या पानांच्या छापील प्रती सापडल्या. बुधीबाईचं नाव तिथे होतं. मी पहिल्या एसटीनं जव्हार गाठलं आणि ते पान त्यांच्या टेबलावर आपटलं. साडूंनी पान उचललं. वरपासून खालपर्यंत, ओळीवर बोट ठेवत वाचलं. एखादं पान ते असं वाचताहेत हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. मग त्यांनी मूळ फाइल उघडली. तिथेही नाव होतं. नवऱ्याच्या खाली, दुसऱ्या ओळीवर. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"टिंबाला सगळं चालतं, मास्तर," ते म्हणाले. "अक्षर चालतं, आकडा चालतो, मोकळी जागा चालते. फक्त ओळीचा शेवट चालत नाही. ओळ संपली की ते तिथेच थांबतं, खाली उतरत नाही. दावेदार वरच्या ओळीत, पलाट तिसऱ्या ओळीत, साचा जुळणार कसा?"

"हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"होतं. दुसऱ्या व्हिडिओतच सांगितलं होतं. पण मला वाटलं, माणूस एका ओळीत मावतो."

त्यांनी वहीत बघून टिंबाला ओळ ओलांडायची मुभा देणारी खूण साच्यात घातली आणि पुन्हा यादी काढली. यादीत एकच दावेदार आला. पहिल्या पाड्यातला पहिला माणूस, आणि त्याच्या पोटात शेवटच्या पाड्याच्या शेवटच्या पलाटापर्यंत सगळी फाइल. सगळा मुलूख एकाच्या नावावर झालेला बघून मला हसू आवरेना. साडू हसले नाहीत. "चांदणी हावरी असते," ते म्हणाले. "मोकळी सोडली की पार शेवटचा पलाट मिळेपर्यंत गिळत जाते." त्यांनी चांदणीपुढे एक प्रश्नचिन्ह लिहिलं. त्यानं ती पहिला पलाट दिसताच थांबते म्हणे. या खेपेला यादी नीट आली. आधीपेक्षा सतरा नावं जास्त होती, आणि सतराही ठिकाणी बायको नवऱ्याच्या खालच्या ओळीत होती.

सोळा जणींना त्याच दिवशी निरोप गेले, त्या पाड्यांवरच होत्या. बुधीबाईच्या घराला बाहेरून कडी होती. शेजारीण म्हणाली, "पलाट नाय असा बोलले जव्हारला. मंग अठं राहून काय करल ती? पोरासंगं भट्टीवर गेली, भिवंडीकडं." मोजणीला माणूस जमिनीवर हजर लागतो. साडूंनी मला विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला एसटी स्टँडवर पिशवी घेऊन उभे होते, आणि मी येणार हे गृहीत धरून माझी जागा धरून ठेवली होती.

भिवंडीकडे वीटभट्ट्या एक का दोन आहेत! प्रत्येक भट्टीवर आमच्याकडची माणसं, आणि प्रत्येक ठिकाणी साडूंना एकच प्रश्न, "कोण बुधी? दिसाय कशी हाय?" आणि जन्मभर दुसऱ्यांना खुणा विचारत आलेला हा माणूस गप्प उभा राही. उंच की बुटकी, गोरी की काळी, लुगडं कुठल्या रंगाचं, त्यांना एकही खूण सांगता येत नव्हती. ती त्यांच्यापुढे पाच मिनिटं बसली होती आणि ते पाचही मिनिटं पडद्याकडे बघत होते. शेवटी मीच पुढे होऊन फाटलेल्या पाळीचं आणि कपाळावरच्या गोंदणाचं सांगू लागलो. माझं सांगणं ते मान खाली घालून ऐकत. तेव्हा मला त्यांची फार कीव आली.

तिसऱ्या भट्टीवर ती सापडली. कच्च्या विटांच्या थप्पीच्या सावलीत नातवाला घेऊन बसली होती. साडू तिच्यापुढे गेले आणि त्यांनी हात जोडले. "आजी, तुमचं नाव सापडलं."

तिनं त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. "हरवला कठं व्हता?" ती म्हणाली. "तुना गवसला नाय."

"चुकलं माझं," साडू म्हणाले. आमच्या घराण्यात हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. बुधीबाईनं बादली पालथी करून त्यांना बसायला दिली आणि आधी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही काहीतरी सांगत होता. मी ऐकलं नाही. आता सांगा."

तिनं सांगितलं. दादला तापानं गेला, त्या साली तिनं एकटीनं कुदळीनं तो उतार खणला. दुसऱ्या सालाला सेक्रेटरी स्वतः वही घेऊन घरी आले. "तेच्या आधी माझा नाव कुणी लिवलाच नव्हता," ती म्हणाली. "मी तेना तीनदा वाचाय लावला. वरती त्याचा नाव, खालती माझा. बरा वाटला माना. मरून गेला तरी माझ्यासंगं व्हता ना." साडू तासभर बादलीवर बसून ऐकत होते. मधे एकदा नातू रडला, ती त्याला घेऊन फिरून आली, आणि जिथे सोडलं होतं तिथून तिनं पुढे सुरू केलं. साडू हललेसुद्धा नाहीत.

ती आमच्यासोबत आली, मोजणीला आपल्या उतारावर उभी राहिली, आणि कुठून कुठवर ते हात करून दाखवत गेली. त्या दिवशी मला आमच्या साडूंचा फार अभिमान वाटला, आणि तो मी त्यांना बोलून दाखवला नाही याचं आता वाईट वाटतं.

गेल्या वर्षी त्यांची नजर अधू झाली. मुलीनं त्यांना नाशिकला नेलं. खोलीत आता मी बसतो. बाजाराच्या दिवशी दुपारी त्यांचा फोन येतो, आणि प्रश्न ठरलेला असतो, "मास्तर, आज कुणी परत गेलं का?" मी "नाही" म्हणतो. कधी ते खरं असतं, कधी मला जेवायची घाई असते.

गेल्या बाजाराला एक मध्यमवयीन बाई आली होती. मी नाव शोधलं, मिळालं नाही. ती काही सांगायला लागली होती, पण मागे चार माणसं उभी होती. "नाही" म्हटलं, ती गेली. माणसं संपली तोच फोन वाजला. साडूंनी नेहमीसारखं विचारलं. मी नेहमीसारखं उत्तर देणार होतो, पण या खेपेला जीभ रेटेना. "एक गेली," मी म्हणालो.

त्यांनी हळूच विचारलं, "कुठली होती?"

"दाभोशाकडची."

"जीप सुटली असेल का हो?"

मी फोन तसाच टेबलावर ठेवला आणि या वयात जेवढं पळवतं तेवढं पळालो. जीप भरायला अजून दोन माणसं कमी होती. ती मागच्या बाकावर कडेला बसली होती. "बाई, खाली उतरता का?" मी म्हटलं. "तुमचं सांगायचं राहिलंय." तिला घेऊन खोलीत परत आलो, तेव्हा फोन टेबलावर चालूच होता, आणि नाशिकला ते अजून कानाला लावून थांबले होते.